बेसूर नव्हे, मुद्दाम उतरवलेले सूर

संगीतकार लिगेटीच्या एकल व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खर्जातलं वाद्य) सोनाटाचा (१९९१-९४) पहिला भाग ‘बेसूर वाटतो’ हे त्या सोनाटावरच्या लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. ‘होरा लुंगा’ नावाचा हा भाग सगळा व्हायोलाच्या एकाच, सर्वांत खर्जातल्या सी तारेवर वाजतो. त्यातले काही सूर पियानोपेक्षा जाणूनबुजून खाली ठेवलेत, एफ या मूळ स्वराचे पाचवा, सातवा, अकरावा स्वयंभू स्वर (मूळ स्वराच्या तितक्या पट कंपनसंख्येचे स्वर) जिथे पडतात तिथे. अकरावा तर जवळपास अर्ध्या सेमीटोनने (पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) उतरतो! ट्रान्सिल्व्हेनियात जन्मलेल्या माणसाने रुमानियन लोकगीताचा आर्त सूर असाच लावला असता. व्हायोलावादक तबेआ झिमरमनचं वादन ऐकाच, तिच्यामुळेच तर हा सोनाटा सुचला. आणि याच सोनाटातल्या ‘लूप’ या भागाला लेखात एकच ओळ? त्यातल्या प्रत्येक जोडस्वरात (दोन तारा एकदम वाजतात तेव्हा) एक तार मोकळी, म्हणजे बोट न ठेवलेली असते, वाजवणाऱ्याचा घाम काढणारं प्रकरण आहे ते.