सूट स्पर्धेतून हवी, हिशेबातून नको

‘माणसं मरत असताना टेंडर कसली काढता? संकटात खरेदीचे सगळे नियम गुंडाळा, अधिकाऱ्यांना मोकळा हात द्या,’ अशा अर्थाचा मजकूर पुन्हा जोरात फिरतोय. वाचताना मान डोलते, हे कबूल. पण त्यातले दावे एकेक करून पाहू.

‘नियमांमुळे खरेदी अडते.’ युरोपीय संघाच्या 2014 च्या सरकारी खरेदीच्या निर्देशातच (सदस्य देशांसाठीच्या नियमावलीतच), कलम 32 मध्ये, अत्यंत निकडीला जाहिरात न देता थेट बोलणी करायची मुभा आहे. कोविडच्या साथीत, एप्रिल 2020 मध्ये, युरोपीय आयोगाने सदस्य देशांना तिची आठवणही करून दिली. तरी मास्क मिळेनात. पुरेसा साठा नव्हता आणि सगळं जग एकाच वेळी त्याच मोजक्या कारखान्यांच्या दारात उभं होतं. नियम गुंडाळून कारखाने वाढत नाहीत. दर करार, म्हणजे पुरवठादारांशी भाव ठरवून केलेले करार, आधीच करून ठेवले असते, तर निदान रांगेत पुढे तरी राहता आलं असतं.

‘मोकळा हात दिला की काम पटापट होतं.’ हा प्रयोग ब्रिटनने करून पाहिलाय. मंत्री, खासदार, बडे अधिकारी यांनी नावं सुचवलेल्या पुरवठादारांसाठी तिथे वेगळी रांग होती. त्यांच्यात साधारण दहात एकाला कंत्राट मिळालं, बाकीच्यांत शंभरात एकालाही नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने हे मांडलं आणि जानेवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयाने ही रांग बेकायदा ठरवली. बरं, माल तरी चोख? याच रांगेतून आलेले 5 कोटी मास्क रुग्णालयांना देताच आले नाहीत. पट्टे डोक्यामागून घ्यायचे हवे होते, आले कानात अडकवायचे! नमुना आधी तपासला असता तर किती वेळ गेला असता?

‘सगळं जाहीर करत बसलं तर उशीर होतो.’ युक्रेनने 2020 मध्ये कोविडच्या खरेदीला निविदेतून सूट दिली, पण झालेले करार ‘प्रोझोरो’ या खुल्या सरकारी प्रणालीवर टाकायला लावले. सही आधी, प्रसिद्धी नंतर. यात उशीर कुठे झाला?

‘चौकशीच्या धाकाने प्रामाणिक अधिकारी सही करत नाहीत.’ हे मात्र खरं आहे. पण नियमच नसले तर उद्या त्याने दाखवायचं काय? हाच पुरवठादार का, हाच भाव का, आणखी कोणाला विचारलं, एवढं त्याच दिवशी लिहिलेलं पानभर टिपण फाइलला असलं की तो बचावतो. ते टिपण सक्तीचं करा, निविदेतल्या सवलतीला शेवटची तारीख घाला आणि मग खुशाल टेंडर थांबवा.