पिवळे पान आणि प्रकाशसंश्लेषण

पिवळ्या पानांच्या झाडांत हरितद्रव्य कमी, म्हणून प्रकाशसंश्लेषणही त्याच प्रमाणात कमी, हे एका लेखातील विधान मला घाईचे वाटते. हरितद्रव्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन प्रकार पानात असतात; ‘अ’पासून ‘ब’ घडवणारे जनुक मंदावले, तर पान पिवळसर दिसते. परंतु अशा वेळी मुख्यतः प्रकाश गोळा करणारा पसारा आकसतो, त्या प्रकाशाचे रासायनिक ऊर्जेत रूपांतर सुरू करणारी प्रत्यक्ष अभिक्रिया-केंद्रे बऱ्याच अंशी शाबूत राहतात, आणि भर उन्हात प्रकाश गरजेपेक्षा जास्तच असल्याने तोटा अपेक्षेहून कमी होऊ शकतो. सावलीत मात्र असे झाड मागे पडते.

शिवाय पानाचा रंग बदलणारा दोष पेशीच्या केंद्रकातील जनुकांतच असतो असे नाही. गुलबक्षीच्या पानांवरील पांढरे चट्टे केवळ मातेकडून पुढच्या पिढीत येतात, हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्स यांनी १९०९ मध्ये दाखवले. हरितलवकांचा, म्हणजे पेशीतील हरितद्रव्य असलेल्या घटकांचा, स्वतंत्र डीएनए हे त्यामागचे कारण पुढे उलगडले.

अशा पांढऱ्या चट्ट्यांचा तोटा मात्र खराच: ठाण्यातील आमच्या सोसायटीत चितकबऱ्या फायकसला एक पूर्ण हिरवी फांदी फुटली आणि दोन पावसाळ्यांत तिने बाकीच्यांना मागे टाकले. जवळच्या येऊरच्या जंगलातील कुसुम वृक्षाची वसंतातील लाल पालवी मात्र या चर्चेत आणू नये. ती विकृती नसून कोवळ्या पानांतील अँथोसायनिन या लाल रंगद्रव्याचा तात्पुरता रंग आहे.