आमच्या भाचीचा एच-इंडेक्स

दुपारी भाचीचा फोन आला तेव्हापासून डोकं भणभणतंय. दुकानात दोन गिऱ्हाइकांवर उगाच खेकसलो, शेवटी शटर अर्धं ओढून हे लिहायला बसलोय. लांबेल. कंटाळा येईल त्यांनी पुढे सरकावं.

भाची एम.डी. मेडिसिन. आज तिची प्रमोशनची मुलाखत होती. कुठे, ते लिहीत नाही, तिला तिथेच नोकरी करायची आहे. समोरच्या गृहस्थांनी फाइलचं पान उलटलं नाही. पहिला प्रश्न, "एच-इंडेक्स किती?" ती म्हणाली, "चार." गृहस्थ शेजारच्याकडे बघून हसले. "चार तर आमच्या रेसिडेंटचाही असतो, मॅडम."

ज्यांच्या घरात असला कोणी डॉक्टर नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण मलाही तिनेच शिकवलंय. तुमचे दहा पेपर, म्हणजे छापलेले शोधनिबंध, असे असतील की प्रत्येकाचा संदर्भ इतरांनी निदान दहादा दिलाय, तर तुमचा एच-इंडेक्स दहा. होर्हे हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली काढलेलं माप. आयुष्यात तीनच पेपर लिहिलेत आणि प्रत्येकाला हजार जणांनी उचलून धरलंय, तरी तुम्ही तीनच! आणि या मापाने आता भातलावणीतला ताप मोजायचा.

कारण पोरगी काम करते लेप्टोवर, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस नावाच्या तापावर. पावसाळ्यात चिखलात उभं राहून लावणी करणाऱ्या बायका, पायाला भेगा, पाण्यात उंदराचं मूत. ताप, लाल डोळे, पिंडऱ्या धरलेल्या. "अंग मोडून आलंय" म्हणून चार दिवस घरी काढतात आणि येतात तेव्हा मूत्रपिंडं बसलेली असतात. ही बाई लावणीच्या आधी आसपासच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना स्वतः फोन करते, पिंडऱ्या दुखतायत म्हणाला की रिपोर्टची वाट बघू नका, औषध सुरू करा, लघवी कमी झाली तर लगेच पाठवा. या फोनांचा इंडेक्स कोण काढणार? बोस्टनमधला कोण बसलाय आमच्या खलाटीतल्या तापाचा संदर्भ द्यायला?

आता धाकट्या भावाची गोष्ट सांगतो. जुन्या मंडळींना माहीत आहे, तरी सांगतो.

अगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायची, लाकडं रचत होता मागच्या पडवीत. विंचू डसला, लाल. पहिल्यांदा सगळे हसलोच, विंचूच ना. अर्ध्या तासात सदरा घामाने पिळून काढावा असा झाला, उलट्या, हातपाय बर्फ. ग्रामीण रुग्णालयात नेला तर तिथे जेमतेम मिसरूड फुटलेला एक डॉक्टर. त्याने एक बारकी गोळी दिली आणि सांगितलं, आडवा ठेवा, उठून बसू द्यायचा नाही, तीन तासांनी परत गोळी. भावजय माझ्यावर ओरडली, "भावजी, यांना सांगा इंजेक्शन द्यायला, गोळीनं काय व्हायचंय!" मी मेडिकलवाला. गोळी ओळखली. प्राझोसिन, ब्लडप्रेशरची.

ती गोळी विंचवावर चालते हे जगाला कुणी सांगितलं ते कोकणात सांगायला नको. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लागलेला सरकारी डॉक्टर. हाताखाली माणसं मरताना बघितली, रात्र रात्र खाटेशेजारी बसून नोंदी केल्या. विषाने शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. प्राझोसिन त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करते. १९८६ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलात छापून आलं. पुढे २०११ मध्ये पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासोबतची विंचवाच्या विषावरची प्रतिलस आणि प्राझोसिन यांची चाचणी 'बीएमजे' या दुसऱ्या वैद्यकीय जर्नलात. त्यांच्याच लेखांत आहे, पूर्वी अशा रोग्यांतले २५ ते ३० टक्के दगावत, नंतर ते प्रमाण एक टक्क्याच्या खाली आलं. पद्मश्री मिळाली २०२२ ला. म्हणजे केवढ्या वर्षांनी, बघा.

तर माझा मुद्दा असा. त्या मिसरूडवाल्या पोराने धाकट्याला वाचवलं, पण त्याने पेपर लिहिला नाही. त्याने चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीच्या खाली संदर्भ देत नाहीत. संशोधन वाचून जो पेपर लिहितो त्याचा आकडा धरतात, वाचून जो पेशंट उठवतो त्याचा नाही. माझ्या दुकानात आलेल्या प्राझोसिनच्या चिठ्ठ्या मोजा ना! कुठल्याच डेटाबेसात नाहीत त्या.

आणि हे आजचं नाही. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या जर्नलात दाखवलं की कॉलराचा जंतू विष सोडतो, त्या विषाने माणूस कोरडा पडतो. कित्येक वर्षं कुणी फारसं ढुंकून बघितलं नाही. आपल्या विज्ञान अकादम्यांनी जिवंतपणी फेलो केलं नाही. १९८५ ला गेले. आणि दुसऱ्या वर्षी त्यांच्यावर सविस्तर लेख कुणी लिहावा? युजीन गारफील्डने. संदर्भ मोजायचा धंदा ज्याने सुरू केला त्यानेच!

बरं, मान्य, आकडा नसता तर ती खुर्ची कुणाच्या तरी जावयाला गेली असती. झालं? मान्य केलं.

पण आकड्यानेही जावई थांबत नाहीत. ते पेपर विकत घेतात. हिंदावी या प्रकाशकाला एका २०२३ सालात ८,००० हून जास्त पेपर मागे घ्यावे लागले. एका पेपरवर सहा नावं, त्यातल्या चौघांना विषय विचारा, पंख्याकडे बघतात. आमची पोरगी एकटी बसून लिहिते. बऱ्या जर्नलात सगळ्यांना फुकट वाचता यावं असं छापायचं तर डॉलरमध्ये फी सांगतात. पगारातून भरायची का?

धाकट्याला मघाशी फोन करून हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दादा, त्या गृहस्थांना विंचू डसला तर ते एच-इंडेक्स बघून डॉक्टर निवडणार काय?" तो असाच बोलतो. त्या रात्री पहाटे घाम थांबला तेव्हाही पहिलं वाक्य होतं, "लाकडं भिजतील, ताडपत्री टाकली का?"

संध्याकाळी पोरगीचा परत फोन. मला वाटलं रडेल. विचारते, "मामा, डॉक्सीचा स्टॉक आहे ना? मृगाआधी मागवून ठेव, मागच्या वर्षी संपली होती." डॉक्सी म्हणजे डॉक्सिसायक्लिन, लेप्टोवरची गोळी. मी म्हटलं प्रमोशनचं काय गो? म्हणाली, होईल तेव्हा होईल. तिला माझ्यासारखा राग येत नाही, आईवर गेलीय. मला मात्र येतो, आणि उद्याही येणार आहे.

कमेंटमध्ये "भाची म्हणून बोलतोस" असं लिहायला येणाऱ्यांनो, हो, भाची म्हणूनच बोलतोय. तुमचीही असेल कोणी, तिच्याबद्दल लिहा.