तोंडाला पाणी सुटतं म्हणजे पोटात जंतच?

खान्देशातल्या गावोगावच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय: ‘तोंडात सारखी लाळ येते, झोपेत उशी ओली होते म्हणजे पोटात जंत. जंताची गोळी घ्या, तुरटीच्या गुळण्या करा, पाणी कमी प्या. आठ दिवसांत लाळ बंद.’

आधी जंत. धडधाकट माणसाच्या तोंडातही दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. नकळत गिळली जाते म्हणून जाणवत नाही. झोपेत तर ती कमीच बनते. उशी ओली होते ती बहुधा नाक चोंदून तोंड उघडं राहिल्याने किंवा कुशीवर झोपल्याने. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी जंतांसाठी उत्तम, लाळेसाठी नाही.

तुरटीची तुरट-आंबट चव लाळ थांबवत नाही, उलट वाढवते. मिसरी आणि तंबाखू-चुन्याचंही तेच. पाणी कमी पिण्याचा सल्ला तर जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हात निव्वळ घातक आहे.

मग लाळ का वाढते? रात्री उशिरा तिखट शेवभाजी खाऊन लगेच आडवं झालं की आम्ल घशाकडे चढतं आणि तोंडाला पाणी सुटतं. जेवण आणि झोपेत तीन तास ठेवा, पलंगाचे उशाकडचे पाय १५ सेंटिमीटर उचला. किडलेली दाढ, नवी कवळी, गरोदरपणाचे सुरुवातीचे महिने, क्लोझापिनसारखं मानसिक आजारावरचं औषध हीही कारणं. औषध मात्र मनाने बंद करू नये. कंपवातात लाळ जास्त बनत नाही, गिळणं मंदावतं. लाळ कमी करणारं ग्लायकोपायरोलेट डॉक्टरच देतात, कारण त्याने बद्धकोष्ठ होतो, लघवी अडू शकते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असल्यास ते आधी सांगा.

या मेसेजमधला सर्वांत जीवघेणा शब्द ‘आठ दिवस’. कपाशीवर प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही कीटकनाशकं फवारून आलेल्या माणसाला लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब सुरू झाले, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, तर ती विषबाधा आहे. हे विष नसांचा निरोप थांबवणारं विकर (एन्झाइम) बंद पाडतं, म्हणून ग्रंथी स्रवतच राहतात. पुढे छातीत पाणी दाटून श्वास अडतो. हातमोजे घालून त्याचे कपडे काढा, अंग साबणाने धुवा, उलटी करवू नका, १०८ ला फोन करा. फवारलेल्या औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत न्या. या विषावरचा उतारा, अॅट्रोपीन, दवाखान्यातच मिळतो. एकाएकी तोंड वाकडं होऊन एका कोपऱ्यातून लाळ गळू लागली तरीही १०८ च. तो लकवा असू शकतो, आणि त्यावरचं मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.