पुलाखालचा कायमचा पत्ता

तुम्ही अमेरिकेतल्या एखाद्या शहराचे नगरसेवक आहात, निवडणूक तोंडावर आलीय आणि दाखवायला धड एक रस्ताही नाही? घाबरू नका. शहराचा नकाशा, कंपास आणि एक ठराव एवढ्यावर भागतं.

शाळा, पाळणाघर, बाग, मैदान, जे दिसेल त्यावर टोक रोवा आणि वर्तुळ काढा. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्याने त्याच्या आत राहायचं नाही. फ्लोरिडा राज्याची त्रिज्या 1,000 फूट आहे. ती घेऊ नका, तिची बातमी होत नाही. तिथल्याच मायामी बीच शहराने 2005 मध्ये 2,500 फूट घेतली, तशी घ्या. त्रिज्या अडीचपट, पण क्षेत्रफळ सव्वासहापट. म्हणजे एका बालवाडीमागे 72 एकरांऐवजी साडेचारशे एकर! अशी वर्तुळं एकमेकांवर चढली की वेशीच्या आत जागाच उरत नाही. अंतर सरळ रेषेतच मोजा. मध्ये कालवा असो की हायवे, माणूस उडत जाणार असं धरून चाला. (फ्लोरिडाच्या कायद्यात पायी किंवा गाडीच्या रस्त्याने मोजायला चक्क मनाई आहे.)

तरी एखादी इमारत वर्तुळाबाहेर राहिलीच, तर शेजारी बाग काढा. लॉस एंजेलिसच्या हार्बर गेटवे या वस्तीत 2013 साली याच हेतूने बाग झाली, जेमतेम 1,000 चौरस फुटांची. आपल्याकडचा टू बीएचके.

उरली माणसं. मायामीत ती ज्युलिया टटल कॉजवेच्या, म्हणजे मायामी बीचला जाणाऱ्या रस्त्याच्या, पुलाखाली साचली. प्रोबेशनवर (म्हणजे कोर्टाच्या अटींवर, देखरेखीखाली बाहेर) असलेल्याने रात्री दहा ते सकाळी सहा नोंदवलेल्या पत्त्यावर असलंच पाहिजे, म्हणून मुक्काम पुलाखाली. लायसन्सवर पत्ता पुलाचाच. घोट्यावरचा जीपीएस पट्टा जनरेटरवर चार्ज करायचा. पेट्रोल संपलं की पट्टा बंद, आणि पट्टा बंद म्हणजे अटीचा भंग. 2010 मध्ये वस्ती उठवली, शाळांभोवतीची वर्तुळं मात्र जागच्या जागी. पुढे तंबू पडले ते शेजारच्या हायलिया शहराजवळ, रेल्वे रुळांच्या कडेला.

एक पथ्य पाळा: अभ्यास मागवू नका. मिनेसोटा राज्याच्या तुरुंग खात्याने 2007 च्या अभ्यासात, सुटकेनंतर पुन्हा लैंगिक गुन्हा केलेल्या 224 जणांच्या केसेस तपासल्या. राहण्याच्या बंदीने टळला असता असा एकही गुन्हा सापडला नाही. मुलांपर्यंत पोचणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, आईचा मित्र नाहीतर घरातलाच कोणी. काका-मामांभोवती कंपास फिरत नाही. आयोवातल्या सरकारी वकिलांच्या संघटनेने तर 2006 मध्ये आपल्या राज्याच्या 2,000 फुटांच्या बंदीविरुद्ध लेखी दिलं. असं कोणी बोललंच, तर “तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?” एवढंच विचारा. उत्तराची वाट पाहू नका.

आणि पुलाखाली गर्दी झालीच, तर बेघरांच्या समितीचं अध्यक्षपदही आपल्याकडेच ठेवा. मायामीत हे कडक नियम पुढे रेटणारे लॉबिस्टच (पैसे घेऊन सरकारदरबारी वजन वापरणारे) काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, बेघर ट्रस्टचे अध्यक्ष होते. पूल रिकामा करायचं कामही मग त्यांच्याच गळ्यात पडलं.