पाऊण तासाचे वडील

पाणी पडतं माझ्या गादीवर आणि त्याबद्दल बोलायचा हक्क राहतो डोंबिवलीला. हे मला परवाच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कळलं. रत्नागिरीत मी सगळ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. मृग लागला की छताच्या एका कोपऱ्यातून ठिबकायला सुरुवात होते. बादलीच्या आवाजासकट व्हिडिओ काढून मी मीटिंगला गेलो. सेक्रेटरींनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही भाडेकरू ना? तुम्हाला बोलता नाही यायचं. मालकांना पाठवा." मालक डोंबिवलीत. ते गणपतीला येतात, तोवर गळती दमलेली असते. मी गप्प उठलो, तर मागून आवाज आला, "जाताना तेवढ्या चार खुर्च्या आत ठेवाल का?"

ठेवल्या. खुर्च्या उचलायला सभासदत्व लागत नाही.

भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी मालकाकडून सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत जादा आकार घेऊ शकते. आमचे मालक तो माझ्याकडून वसूल करतात. म्हणजे मी गप्प बसतो आणि त्याचे पैसेही मीच भरतो. शिवाय करार अकरा महिन्यांचा. 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार कितीही महिन्यांचा असो, नोंदवावाच लागतो. त्यामुळे अकराच्या आकड्यात आता तसा काही अर्थ उरलेला नाही. पण मालकांचा त्याच्यावर एकादशीसारखा विश्वास आहे.

अशा डोक्याने माणूस रविवारी सकाळी बिल्डरच्या साईटवर जातो.

साईट कुवारबावच्या पुढे, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. ऑफिसातल्या सोफ्यावर एक गृहस्थ चहा पीत बसले होते. पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला, लांब दांड्याची काळी छत्री, नायलॉनच्या पिशवीतून डोकावणारा टॉर्च. मी आत पाऊल टाकतोय तोच सेल्सचा पोरगा धावत आला. "या सर! बाबा मघापासून थांबलेत तुमच्यासाठी."

मी गृहस्थांकडे बघितलं. गृहस्थांनी बशीतला शेवटचा घोट घेतला, मिशी पुसली आणि म्हणाले, "उशीर केलास."

इतक्या अधिकाराने म्हणाले की माझ्या तोंडून "रिक्षा मिळत नव्हती" असं निघून गेलं. पुढचा पाऊण तास मग मी त्यांचा मुलगा होतो.

सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरल्या शिरल्या बाबांनी पिशवीतून मोजपट्टी काढली आणि तिचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धर. भिंतीला लाव. नीट लाव!" ब्रोशरमध्ये बेडरूम 'दहा बाय दहा कार्पेट' होती. मोजपट्टी नऊ फूट चार इंचांवर थांबली.

"अंकल, प्लास्टरमध्ये जातं ना थोडं."

"कार्पेट म्हणजे काय रे?"

"अंकल, बिल्डरांसाठीच्या रेरा कायद्यात कार्पेट म्हणजे..."

"सतरंजी पसरते तेवढी जागा. प्लास्टरखाली सतरंजी जाते काय?"

पोरगा हसला. बाबा हसले नाहीत. ते छत्रीच्या मुठीने भिंती ठोकत पुढे गेले. एका भिंतीपाशी थांबून त्यांनी कान लावला. "ही कुठली दिशा?"

"वेस्ट, अंकल. इथून सनसेट दिसतो."

"आणि जुलैत काय दिसतं?"

पोरगा विचारात पडला.

"ओल," बाबांनीच उत्तर दिलं. "झड सगळी या भिंतीवर. बाहेर पत्रा मारून देणार? लिहून देणार?"

इथे पोरगा जरा सावरला. पाठ केलेलं त्याला आठवलं. "अंकल, टेन्शनच नाही. रेराच्या कायद्यात आहे. पझेशननंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा."

"आणि कर्ज किती वर्षांचं?"

"वीस, अंकल."

बाबा माझ्याकडे वळले. "ऐकलंस? पाच वर्षं गळती त्यांची. पुढची पंधरा आपली."

त्या 'आपली'ने मला उगाच भरून आलं. माझ्या गळतीला इतक्या आपुलकीने अजून कुणी आपलं म्हटलं नव्हतं.

सी व्ह्यू कुठाय, असं बाबांनी विचारलं. पोरगा म्हणाला, टेरेसवरून. "मग टेरेस विकताय काय?" पोरगा म्हणाला, मुंबई-गोवा हायवे पूर्ण झाला की रेट डबल होणार. बाबा म्हणाले, "2011 साली काम सुरू झालं तेव्हा माझे गुडघे शाबूत होते." शेवटी पोरग्याने हुकमाचा पत्ता काढला. "सर, मॅडमच्या नावावर घेतलात तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत." मॅडम नाहीत, असं मी सांगितलं. बाबांनी कपाळावर हात मारला. "मुलीकडचे विचारतात फ्लॅट आहे काय. फ्लॅटवाले विचारतात मुलगी आहे काय. सुरुवात करायची कुणी?"

पोरगा कोटेशन आणायला खाली गेला. आम्ही दोघेच बाल्कनीत. बाबा एकदम अहो-जाहोवर आले. "माफ करा हां. एकट्या म्हाताऱ्याला हे लोक वर सोडत नाहीत. लेक-सून कुणीतरी सोबत लागतं. तुम्ही कुठले?"

मी गावाचं नाव सांगितलं. देवरुखच्या वाटेवर, आतलं.

"कुणाचे?"

आजोबांचं नाव सांगितलं. बाबांनी छत्री कठड्याला टेकवली. "अरे, मग तुमचं घर आहे की! चिऱ्यांचं! पडवीत जेवलोय मी, तुझ्या पणजीच्या हातची सांदणं! ते सोडून हे खुराडं घ्यायला आलास?" अहो-जाहो तिथेच संपलं.

आता हे घर. कोकणात जन्मलेल्या प्रत्येकाचं एक घर असतं आणि त्याच्या किल्लीचा पत्ता त्याला ठाऊक नसतो. आमच्या सातबाऱ्यावर एकतीस नावं आहेत. त्यातली निम्मी माणसं गेली. त्यांची वारसनोंद करायची तर आणखी माणसं वाढतात, म्हणून मेलेल्यांनाच ठेवलंय. ते निदान भांडत तरी नाहीत. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घरपट्टीच्या उताऱ्यावर, घर पणजोबांच्या नावाने आहे. त्यांच्या चार मुलग्यांचे चार हिस्से, आजोबांच्या हिश्शात माझे खरे बाबा आणि दोन काका, आणि बाबांच्या हिश्शात मी आणि ताई. हिशेब केला तर माझ्या वाट्याला न्हाणीघराची चूल आणि मागच्या पायऱ्यांपैकी दीड पायरी येते. कौलं बदलायची म्हटली की विरारचा चुलत चुलता म्हणतो, मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. पैसे मागितले की त्याचा फोन लागत नाही. त्या दीड पायरीवर कुठली बँक कर्ज देत नाही आणि अख्खं घर विकायचं तर हयात असलेल्या सगळ्यांच्या सह्या लागतात. माझे खरे वडील तरी रोज फोनवर सांगतात, "भाडं म्हणजे पाण्यात पैसे." खरंय. पाणी पडतं, पैसे जातात.

कोटेशन आलं. 30 लाख, वन बीएचके. बँक फार तर 90 टक्के देणार, म्हणजे 27 लाख. वरचे 3 लाख मी आणायचे. मुद्रांक शुल्क वेगळं, नोंदणीचे 30,000 वेगळे, ते बँक हिशेबातच धरत नाही. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं म्हणजे हप्ता 23,400 च्या आसपास. सगळे मिळून 56 लाखांवर जातात. माझं भाडं 7,500 आहे. पगार सांगत नाही, लाज वाटते म्हणून नाही, हप्त्याला राग येईल म्हणून.

पोरगा म्हणाला, "सर, लवकर ठरवा. अर्धे गेले. सगळे मुंबई-पुण्याचेच."

इथे मात्र माझी सटकली. आमच्या बिल्डिंगमध्ये तेच आहे. निम्म्या दारांना कुलपं. मालक ठाण्यात, पुण्यात. शिमग्याला येतात, गणपतीला येतात, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरून नेतात आणि जाताना आमच्या टँकरच्या पाण्याने गाडी धुतात. त्यांचं गावचं घर बंद, इथला फ्लॅट बंद. आणि ज्याला रोज सकाळी साडेनऊला इथे कामावर जायचंय, त्याने या दरांशी कुस्ती खेळायची. सभेत आवाज त्यांना आहे, बादली मला आहे.

उतरताना मी या बाबांना, म्हणजे तात्यांना (खाली चहावाल्याने त्यांना याच नावाने हाक मारली) विचारलं, तुम्ही राहता कुठे?

"भाड्याने. 1981 पासून. दोन खोल्या आणि पडवी. तीनशे रुपये."

"मालक काही बोलत नाही?"

"मालक वारला. त्याचा मुलगा वारला. नातू रोज सकाळी माझ्या तब्येतीची चौकशी करायला येतो. फार माया."

मला हसू आलं आणि पाठोपाठ जळफळाट झाला. तात्यांना कायद्याने संरक्षण आहे. त्यांनी भाड्यातच संसार केला, भाड्यातच म्हातारे झाले, कुणाची टाप नव्हती काढायची. माझ्या कागदावर लिव्ह अँड लायसन्स आहे. त्या कागदाने मी धड भाडेकरूही नाही, अकरा महिन्यांचा परवाना मिळालेला इसम आहे. म्हणजे सेक्रेटरींनी मला भाडेकरू म्हटलं, तीही बढतीच. घर घ्यावं की भाड्याने राहावं, असं आम्हाला सगळे विचारतात, जणू दोन्ही वस्तू दुकानात मांडून ठेवल्यात. तात्यांसारखं भाडं आता कुठे मिळतं? ते मिळालं असतं तर 30 लाखांच्या नादाला लागलंय कोण!

"तुम्हाला घर घ्यायचंच नाही, मग बघता कशाला?" मी विचारलं.

"रविवारी करायचं काय? आणि चहा बरा असतो. त्या नाचणे गावच्या साईटवर तर बिस्किटं पण देतात, क्रीमची."

त्या पोरग्याचे फोन अजून चालू आहेत. "सर, बाबांना कसा वाटला फ्लॅट?" मी सांगितलं, बाबा पश्चिमेच्या भिंतीवर नाराज आहेत. तो म्हणाला, मॅनेजरशी बोलतो, बाबांसाठी पत्रा मारून देऊ. माझ्यासाठी असं कुणी आजवर बोललेलं नाही.

येत्या रविवारी नाचणे. तात्यांनी बजावलंय, पाऊस धो-धो असेल तरच यायचं, कोरड्यात बघितलेलं घर बघितलं असं होत नाही. आणि या वेळी उशीर नको, बिस्किटं दहापर्यंत संपतात.