साठीनंतरचे सात नियम आणि दोनशे रुपयांत द्यायला निघालेलं घर

रविवारी सकाळी साडेसहाला मावशीचा मेसेज. गुलाबाचं फूल, शुभ सकाळ, आणि खाली तो लांबलचक फॉरवर्ड, "साठीनंतर सुखाने जगण्याचे सात नियम, एका निवृत्त न्यायाधीशांचा सल्ला, प्रत्येक ज्येष्ठापर्यंत पोचवा". एरवी मी असलं काही न वाचताच अंगठा देऊन मोकळी होते. पण यावेळी खाली मावशीने स्वतः टाइप केलं होतं, "तुझ्या ओळखीचा वकील आहे ना, बक्षीसपत्राचं विचार. दिवाळीच्या आत करून टाकू."

झोपच उडाली. मावशी 71 वर्षांची, साताऱ्यात एकटी राहते. काका गेल्यापासून घर तिच्या नावावर आहे, तीन खोल्या आणि मागे पेरूचं झाड, बाकी इस्टेट म्हणावी असं काही नाही. दादा, म्हणजे तिचा मुलगा, पुण्यात. आणि कुणा बिननावाच्या न्यायाधीशाच्या (कोर्ट कुठलं, निवृत्त कधी झाले, काही पत्ता नाही) सांगण्यावरून ती हे घर देऊन टाकणार!

तर नियम पहिला जसाच्या तसा: "जिवंतपणीच घर मुलांच्या नावावर करा. महाराष्ट्रात फक्त 200 रुपये लागतात. मुलांनी त्रास दिला तर 2007 च्या कायद्याने 90 दिवसांत घर परत मिळते, काळजी नसावी."

दोनशे रुपयांचं खरं आहे, मान्य. राहतं घर मुलाला, मुलीला, नवऱ्याला-बायकोला बक्षीस दिलं तर आपल्याकडे मुद्रांक शुल्क 200 रुपयेच आहे, बाकीचा खर्च वेगळा. पण स्वस्त आहे म्हणून घर द्यायचं? ही बाई सहाशेची साडी घ्यायला चार दुकानं फिरते हो.

आता "परत मिळते" बघू. 2007 चा कायदा म्हणजे आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा, त्याचं कलम 23. ते म्हणतं की ज्येष्ठाने मालमत्ता देताना "माझ्या मूलभूत गरजा तू बघायच्या" अशी अट घातली असेल, आणि घेणाऱ्याने ती पाळली नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. अट घातली असेल तर! आणि आपल्याकडची बहुतेक बक्षीसपत्रं कशी असतात, तर "प्रेमापोटी व आपुलकीने देत आहे", बास. आईने मुलाला अट घालायची म्हणजे कसंतरीच वाटतं ना, तिथेच सगळं फसतं. डिसेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने सुदेश छिकारा प्रकरणात हेच सांगितलं, की लोक प्रेमापोटी काही अपेक्षा न ठेवताही देतात, त्यामुळे अट होती हे आधी सिद्ध झालं पाहिजे. त्या प्रकरणात आईच्या बाजूने निकाल लागला नाही.

कुणी म्हणेल 2025 मध्ये कोर्टाने आईला घर परत दिलं, आम्ही पेपरात वाचलं. हो, दिलं. उर्मिला दीक्षित प्रकरण, मध्य प्रदेशातलं, निकाल 2 जानेवारी 2025. आणि चांगलाच निकाल आहे, कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचा असं त्यात म्हटलंय. पण तारखा बघा. बक्षीसपत्र 2019 चं. आईचा अर्ज 2020 च्या डिसेंबरमधला. आधी उपविभागीय अधिकारी, मग कलेक्टर, मग हायकोर्टात एक न्यायाधीश, हे सगळे आईच्या बाजूने, मग हायकोर्टाचंच खंडपीठ मुलाच्या बाजूने, आणि शेवटी दिल्ली. चार वर्षं. आणि त्या बाईंकडे मुलाने सांभाळायचं कबूल केल्याचा कागद होता, तरी एवढं. मावशीकडे काय असणार आहे, गुलाबाचं फूल?

मग ते 90 दिवस आले कुठून? शोधलं तर सापडलं, कायद्यात आहेत ते, पण पोटगीच्या अर्जासाठी, म्हणजे मुलं सांभाळत नाहीत म्हणून दरमहा रक्कम मागायची असेल तर. त्याचा घर परत मिळण्याशी काही संबंध नाही. कुणीतरी दोन कलमं एका ताटात कालवली आणि आता हजारो म्हातारी माणसं ते खातायत.

आणि खरं सांगू का, मला दादाची भीती नाहीच. तो चांगला आहे, वहिनी पण चांगली आहे. या फॉरवर्डमध्ये सगळा धोका म्हणजे फक्त "मुलं वाईट निघाली तर". अरे पण मुलं चांगली असून पण होतं की! दादाचा धंदा आहे, उद्या कर्ज थकलं तर बँक त्याच्या नावावरचं घर बघणार, त्यात आई राहते हे बघणार नाही. किंवा बोलू नये ते बोलते, दादालाच काही झालं आणि मृत्युपत्र नसलं, तर हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलं आणि आई असे सारखे हिस्से. त्याला एकच मुलगी. म्हणजे काकांनी बांधलेल्या घरात मावशी एक तृतीयांशची मालकीण, वयाच्या पंचाहत्तरीला, सून आणि नातीसोबत भागीदारीत. रजिस्टर झालेलं बक्षीसपत्र असं मन बदललं म्हणून फाडता येत नाही. मृत्युपत्र मात्र जिवंत असेपर्यंत हवं तितक्या वेळा बदला. साधा कागद, स्टँपसुद्धा लागत नाही, दोन साक्षीदारांच्या समोर सही, नोंदणी करणं चांगलं पण सक्तीचं नाही. यातलं एक अक्षर त्या सात नियमांत नाहीये.

बाकीचे नियम भराभर घेते, कारण ते वाचून माझं डोकं आधीच उठलंय.

"एकटे असताना हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोका." हा मेसेज इतका जुना आहे की त्यालाच आता ज्येष्ठ नागरिकांचं कार्ड मिळायला हवं. घरी बसून खोकण्याने हार्ट अटॅक थांबत नाही, त्यात मोलाची मिनिटं मात्र जातात. 108 लावा, दाराची कडी काढून ठेवा, शेजाऱ्यांना हाक मारा.

"जिने चढू नका, गुडघे झिजतात." गुडघ्याचा खरंच त्रास असेल तर डॉक्टर सांगतील ते करा, पण सरसकट? जागतिक आरोग्य संघटना तर 65 च्या पुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करायला सांगते, पडू नये म्हणूनच. बसून बसून पायातली ताकद गेली की माणूस सपाट जमिनीवर पण पडतो.

"बाथरूमला आतून कडी लावू नका." हे... बरं, अर्धं बरोबर आहे. बाथरूममध्ये पडणं आणि आतून कडी, हे मी आमच्याच बिल्डिंगमध्ये बघितलंय, दार तोडावं लागलं होतं. पण उपाय म्हणून म्हाताऱ्या माणसाने दार नुसतं ढकलून आंघोळ करायची? का, साठी झाली की लाज संपते? नाण्याने बाहेरून उघडता येतं असं लॅच मिळतं हार्डवेअरच्या दुकानात. ते लावा, भिंतीला धरायला दांडा बसवा, खाली न घसरणारी मॅट टाका. आणि घरच्यांनी टकटक करायला शिका.

"मोबाईलचा आणि यूपीआयचा पिन मुलांना देऊन ठेवा." नको. अडीनडीला मुलाला पैसे काढता यावेत एवढंच असेल तर बँकेत जॉइंट खातं असतं, दोघांपैकी कोणीही चालवू शकेल असं, त्यात महिन्याच्या खर्चापुरते ठेवा आणि बाकीचं आपलं आपल्याकडे. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही, पाठवायलाच लागतो, हे त्यापेक्षा घोकून ठेवा. फसलातच तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा.

एकट्याने प्रवास करू नका, यावर मी काही बोलत नाही, मावशी गेल्या वर्षी एकटी एसटीने अक्कलकोटला जाऊन आलीये.

आणि सातवा, "विचारल्याशिवाय मत देऊ नका, घरात शोभेच्या झाडासारखे राहा." म्हणजे घर द्या, पिन द्या, कडी काढा आणि वर गप्प पण बसा. याला सुखाने जगणं म्हणतात?

दुपारी फोन केला. म्हटलं, दादाने मागितलं का घर? तर म्हणे, "नाही गं, तो कशाला मागतोय. पण माझ्यामागे त्याला ऑफिसांचे खेटे नकोत. तुझ्या काकांच्या वेळी मी किती हिंडले, आठवतंय ना." आठवतंय. दीड वर्ष चाललं होतं ते, एका ठिकाणी तर त्यांच्या नावाचं स्पेलिंग चुकलं म्हणून चार महिने. मग अर्धा तास बोललो, मृत्युपत्र, सगळीकडे नॉमिनी, कागद एका फाइलमध्ये आणि ती कुठे आहे ते दादाला माहीत असणं. आणि बक्षीसपत्राचाच हट्ट असेल तर त्यात सांभाळायची अट आणि मरेपर्यंत राहायचा हक्क स्पष्ट लिहून, वकिलाकडूनच. थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मृत्युपत्रच करू. पण दादाला तू काही बोलू नकोस, मी माझं मी सांगेन."

म्हटलं बरं. फोन ठेवता ठेवता म्हणते, "अगं पण तो मेसेज मी भिशीच्या ग्रुपवर टाकलाय ना सकाळी. पाटीलवहिनी उद्याच तलाठ्याकडे निघाल्यात."

म्हणून हे लिहून काढलं. मावशी, हे तसंच्या तसं तिथे टाक. आणि पाटीलवहिनींना आधी फोन कर.